ममतेचा गुन्हेगार कोण?

दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या दीड-दोन महिन्यांत मी वर्गाला 'मेरी माँ' या विषयावर मजमून लिहायला सांगते. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही पुढे काय होते ते ठाऊक आहे. पस्तीस वह्यांमध्ये एकच आई असते. ती फजरला उठते, चहा-रोटी करते, स्वतः उपाशी राहून मुलांना खाऊ घालते आणि शेवटच्या ओळीत तिच्या पायांखाली जन्नत असते. मीही लहानपणी हाच मजमून लिहिला होता आणि दहापैकी आठ गुण मिळवले होते.

तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलाच्या वहीत मात्र दोनच ओळी निघाल्या. माझी आई बेअक्कल आहे. तिला काहीच येत नाही. मी लाल पेन हातात घेतले आणि त्याला टेबलाजवळ बोलावले.

"ये किसने सिखाया तेरे को?"

"किसीने नहीं, टीचर. सब बोलते."

"सब मतलब कौन?"

त्याने बोटावर मोजले. "अब्बा. दादी. मैं."

त्याने स्वतःचेही नाव घेतले, त्याने मी थबकले. लाल पेन तसेच खाली ठेवले. कारण त्याच्या वयाची असताना त्या यादीत माझेही नाव होते.

हा लेख लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये असे आपले संस्कार सांगतात. पण जी गोष्ट इतक्या घरांत आहे तिला 'घरातली' तरी किती दिवस म्हणायचे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे दहांतल्या जवळजवळ तिघी. यात सर्व धर्मांच्या, सर्व थरांतल्या बायका आहेत. त्या तिघींच्या घरांत मुलेही असतात आणि ती झोपलेली आहेत असे मोठी माणसे धरून चालतात.

माझे अब्बा माझ्यावर फार माया करत. नगरला गेले की कापड बाजारातून माझ्यासाठी बांगड्या, रिबिनी आणत. सायकलवर पुढे बसवून उरुसाला नेत. मारणारा बाप सगळ्यांशीच वाईट वागत असता तर प्रश्न सोपा झाला असता. पण तेच अब्बा रात्री अम्मीवर हात उचलत. संध्याकाळी ते मला मांडीवर घेऊन विचारत, आज घरी कोण आले होते, अम्मी कुणाशी बोलत होती. मी सांगायची. सांगितले की लिंबाची गोळी मिळायची. एकदा मी सांगितले की मामू आले होते आणि अम्मी त्यांच्यासमोर रडली. त्या रात्री काय झाले ते मी पांघरुणातून ऐकले.

सकाळी अम्मी माझी वेणी घालायला बसली. तिचे मनगट सुजलेले होते, कंगवा नीट धरता येत नव्हता, केस ओढले जात होते. मी चिडून म्हणाले, "तू चुप क्यों नहीं बैठती? चुप बैठती तो मार नहीं पडती." तिने कंगवा खाली ठेवला. अर्धी वेणी तशीच राहिली. पुढे माझे केस खाला विंचरायची किंवा मी स्वतः. अम्मीने मला जवळ घेणे सोडले असे मला कित्येक वर्षे वाटत होते. आपणच आधी दूर झालो होतो हे कळायला मला शिक्षिका व्हावे लागले, आणि त्या मुलाची वही हातात यावी लागली.

आपल्या समाजात बाईचा प्रश्न म्हटला की चर्चा तलाकवर जाते. हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तो तलाकच्या आणि बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावर. 1985 मध्ये शाहबानो, 2017 मध्ये शायराबानो, 2019 मध्ये तिहेरी तलाकविरोधी कायदा. ही चर्चा आवश्यकच होती. पण ती घराच्या दारापाशी उभी राहते. बाईला दाराबाहेर काढले की आपण बोलतो. तिला दाराच्या आत ठेवून, निकाह शाबूत ठेवून जे केले जाते त्याबद्दल आपण कमी बोलतो. आणि त्यातून आई आणि मूल यांच्यामधले काय तुटते याबद्दल तर जवळजवळ नाहीच.

ते कसे तुटते, हे समजून घ्यायला हवे. भीतीत जगणाऱ्या बाईचे सगळे लक्ष एकाच माणसाकडे लागलेले असते. कडी कशी वाजली, चपला कशा काढल्या, पहिला शब्द कोणता निघाला. मूल तिच्या पुढ्यात बसून 'अम्मी, ये देख' म्हणत असते. ती 'हां' म्हणते, पण बघत नाही. तिच्याजवळ बघायला काही उरलेलेच नसते. मुलाला कारण कळत नाही. त्याला एवढेच कळते की आई बघत नाही.

मग तिचा हातही उठतो. नवरा घरी येण्याआधी मूल गप्प व्हायला हवे, खेळ आवरायला हवा, रडू थांबायला हवे. नाही थांबले तर तिच्यावरही बेतेल आणि मुलावरही. म्हणून ती आधीच एक चापट मारते, पुढची मोठी मार टळावी म्हणून. मुलाच्या लक्षात मात्र चापट मारणारा हात राहतो, आणि तो हात आईचा असतो. अब्बा आल्यावर तर खाऊच देतात.

काही घरांत मुलांचा हत्यारासारखा वापर होतो. त्यांच्यासमोर आईला नावे ठेवायची, तिच्या माहेराची टर उडवायची, तिने केलेले जेवण ताटासकट भिरकावायचे, तिच्यावर पाळत ठेवायला मुलांना शिकवायचे. आणि सर्वांत मोठी धमकी म्हणजे, 'निघून जा, पण पोरे इथेच राहतील.' हे सगळे पाहणारे मूल दुबळ्याची बाजू घेईल असे आपल्याला वाटते. तसे घडत नाही. बुडणाऱ्या माणसाचा हात मूल धरत नाही, ते काठावर उभ्या असलेल्याचा हात धरते. ते त्याचे पाप नव्हे, जगण्याची धडपड आहे. आईचा तिरस्कार करायला ते शिकते, कारण तिच्यासारखे होणे म्हणजे मार खाणे, हे त्याला दिसलेले असते.

याच्या उलटही घडते. एखादी थोरली मुलगी आईचीच आई होऊन बसते. धाकट्यांना सांभाळते, आईच्या जखमांना हळद लावते, रात्री जागी राहून कानोसा घेते. लोक कौतुक करतात, किती समंजस पोरगी. पण ती मुलगी कुणाच्या मांडीवर डोके ठेवणार? तिथेही आई-मुलाचे नाते मोडलेलेच असते, फक्त बाहेरून प्रेमासारखे दिसते.

1998 मध्ये अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणातल्या आघातांचा मोठ्या वयातल्या आजारांशी असलेला संबंध तपासला. त्यांच्या आघातांच्या यादीत मुलाला झालेली मारहाण होतीच. पण आईला होणारी मारहाण हा त्यांनी वेगळा आघात म्हणून मोजला. मुलाच्या अंगाला बोटही लागले नसले तरी. आपल्याकडे मात्र 'मुलांना कधी हात लावला नाही हो त्याने' असे त्या माणसाच्या बाजूने सांगितले जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आई कोरडी झाली, चिडकी झाली, मुलाला मारू लागली, किंवा एक दिवस मुलांना टाकून निघून गेली, तर दोष कुणाचा?

आपला समाज उत्तर द्यायला वेळ लावत नाही. 'कैसी माँ है!' बस्स. रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या नगर जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला राहिलेले कवी. त्यांची जखमी पक्षिणीची कविता मराठी शिकलेल्या कितीतरी जणांना माहीत आहे. बाण लागलेली पक्षीण पडत-उठत घरट्यापर्यंत जाते, पिल्लांना शेवटचा घास देते आणि प्राण सोडते. वर्गात ही कविता वाचली की पोरींच्या डोळ्यांत पाणी येते, माझ्याही येते. टिळकांनी ती शिकाऱ्याच्या क्रौर्यावर लिहिली, शीर्षकातच क्रौर्याचे नाव आहे. आपण मात्र तिच्यातून उलटाच धडा घेतला आहे. शिकाऱ्याला विसरलो आणि प्रत्येक जखमी बाईने घास घेऊन घरट्यात परतलेच पाहिजे, असा नियम करून टाकला. जी वाटेतच पडली, जिच्या चोचीतून घास गळून गेला, ती आपल्या लेखी आईच नव्हे.

जन्नत आईच्या पायांखाली आहे, हे वचनही आपण असेच वापरतो. ते मुलांना उद्देशून आहे, आईचा मान ठेवा म्हणून. आपण ते आईला ऐकवतो, सहन कर म्हणून. त्या पायांना वेदना देणाऱ्याला ते कुणी ऐकवते का?

माझ्या समजुतीप्रमाणे आपला दीन या बाबतीत आपल्यापेक्षा फार पुढे आहे. सूरह बकरामध्ये दूध पिणाऱ्या मुलाच्या आणि विभक्त होणाऱ्या आई-बापाच्या संदर्भात हुकूम आहे की मुलाच्या कारणाने आईला इजा पोचू नये, आणि बापालाही पोचू नये. मुलाचा फास करून आईच्या गळ्यात घालू नका, हा त्याचा साधा अर्थ. ज्या घरात 'पोरे इथेच राहतील' ही धमकी रोज दिली जाते तिथे या हुकुमाचे काय झाले? एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की मी या मुलाला पोटात वाढवले, दूध पाजले, कुशीत ठेवले आणि आता याचा बाप मला सोडून याला हिरावून घेऊ पाहतो. त्यांनी निवाडा दिला की तू दुसरा निकाह करत नाहीस तोवर मुलावर तुझा हक्क अधिक आहे. हिजानतचा, म्हणजे आईकडे मुलाचे संगोपन ठेवण्याचा कायदा अशा निवाड्यांवर उभा आहे. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते.

आणि सूरह कससमधली मूसा (अलै.) यांची आई. फिरऔनच्या जुलमाने तिने पोटचे मूल स्वतःच्या हाताने नदीत सोडले. कुरआन सांगते की त्यानंतर तिचे हृदय रिकामे झाले आणि अल्लाहने ते बांधून ठेवले नसते तर तिच्याने गुपितही राखवले नसते. मी ही आयत लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या रिकाम्या हृदयाकडे माझे लक्ष उशिरा गेले. एका पैगंबराच्या आईचेही हृदय भीतीने रिकामे होऊ शकते. त्यात तिच्या ईमानला कमीपणा येत नाही. आणि त्या रिकामेपणाचा जाब कुरआन तिला विचारत नाही, फिरऔनला विचारते. मूल तिच्याकडे परत आणले जाते, तिचे डोळे निवावेत म्हणून.

मला वाटते, इथेच उत्तर आहे. ममता ही निसर्गाची देणगी खरी, पण तिलाही निवारा लागतो. वाऱ्यात दिवा विझला तर आपण वातीला दोष देत नाही. आईला मारणारा माणूस एका गुन्ह्याचा नव्हे, दोन गुन्ह्यांचा धनी आहे. त्याने एका बाईचे अंग दुखावले आणि एका मुलाची आई त्याच्यापासून हिरावून घेतली. ती आई जिवंत असते, त्याच घरात असते, रोट्याही करत असते. म्हणून चोरी झाली हे कुणाला दिसत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत. पहिला म्हणजे, मग आईची जबाबदारी काहीच नाही का? माझ्या धाकट्या भावाच्या पोटरीवर अजून डाग आहे. अम्मीने रागाच्या भरात तापलेली फुंकणी मारली होती. त्या वेळी अब्बा घरात नव्हते. ते दुःख भावाचे आहे आणि 'अम्मीही सोसत होती' असे सांगून मी ते पुसू शकत नाही. त्याला राग धरण्याचा हक्क आहे. कारण सांगणे म्हणजे माफ करणे नव्हे, आणि माफी द्यायची की नाही हे ज्याला डाग आहे त्यानेच ठरवायचे. मी एवढेच म्हणते की त्या रागाचा सगळा हिशेब एकाच खात्यावर लिहू नये. अम्मीच्या नावावर जे आहे ते तिच्या नावावर राहू दे. पण आमच्या घरात सगळेच तिच्या नावावर लिहिले गेले आणि अब्बांचे पान कोरे राहिले.

दुसरा आक्षेप म्हणजे, तू बापाविरुद्ध बोलतेस. अब्बा आता या जगात नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो, ही दुआ मी प्रत्येक नमाजनंतर करते आणि मनापासून करते. त्यांनी दिलेल्या बांगड्यांचा आवाज मला आठवतो, त्या रात्रीचा आवाजही आठवतो. दोन्ही खरे होते. ज्यांनी सोसले त्यांना यातले एक निवडायला लावू नका, एवढीच विनंती.

'मुलांसाठी सहन कर' असे आपण बाईला सांगतो. माहेर सांगते, शेजार सांगतो, समझौत्याला बसलेले जमातीचे बुजुर्गही सांगतात. पण त्या बैठकीत मुलांना कुणी विचारते का? बाई परत गेली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चहा मागवतो. ज्या मुलांसाठी ती परत गेली ती मुलेच पुढे तिला विचारतात की तू तिथे राहिलीस कशाला? मीही विचारले होते. मुलांसाठी केलेले सहन मुलांपर्यंत प्रेम म्हणून पोचत नाही, पुष्कळदा भीती म्हणूनच पोचते. मराठीत या विषयावर निर्भयपणे लिहिणाऱ्या फार थोड्या आहेत. शाहीर अमर शेख यांची लेक मलिका अमर शेख यांनी 1984 मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात आपल्या संसारातली मारहाण आणि मुलासाठी झालेली होरपळ लिहिली. तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. चाळीस वर्षे होऊन गेली, तरी आपल्या कितीजणींनी ते वाचले?

कायदा आज पूर्वीइतका दुबळा नाही. मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा 1939 सालचा आहे आणि नवऱ्याची क्रूरता हे त्यात बाईला निकाह रद्द करून घेण्याचे कारण आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चा, ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि त्यात शिवीगाळ, अपमान, पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसा आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे मॅजिस्ट्रेट खटला चालू असतानाच मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. मूल पीडित असेल तर मारणाऱ्याला त्याच्या शाळेत येण्यास मनाई करता येते, ही तरतूद तर आम्हा शिक्षकांना माहीत असलीच पाहिजे. 'पोरे इथेच राहतील' हे वाक्य म्हणजे कायदा नव्हे, हे एवढे जरी आपल्या बायकांना कळले तरी अर्धी भीती जाईल. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आमच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले आहेत.

पण ताबा मिळाला म्हणजे नाते मिळाले असे नाही. नात्याला निवारा आणि वेळ लागतो. आमच्याच जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर बेवारस भटकणाऱ्या, मनाचा तोल गेलेल्या बायकांना तिथे घर मिळते आणि त्यांच्यातल्या काहींची मुलेही तिथेच वाढतात. जिला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते अशा बाईलाही निवारा मिळाल्यावर आई होण्याची संधी मिळू शकते. मग चार भिंती आणि नातेवाईक असलेल्या आपल्या घरांत ती का मिळू नये? माहेरी आलेल्या लेकीला पहिल्या आठवड्यातच 'कधी जाणार' असे न विचारणे, हाही एक निवारा आहे. समझौत्याच्या बैठकीत मुलांबद्दल वेगळा प्रश्न विचारणे, हाही आहे. मुलांसमोर त्यांच्या आईला बेअक्कल म्हणणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे टोकणे, हाही.

त्या मुलाच्या वहीवर मी लाल शेरा मारला नाही. त्याच्या अम्मीला शाळेत बोलावले. ती फाटकापाशीच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. मी तिला घरचे काही विचारले नाही. मुलासमोर एवढेच म्हणाले की याचे पाढे वर्गात सगळ्यांत चांगले आहेत, घरी कोण घेते? तो पटकन म्हणाला, "अम्मी." आणि मग स्वतःच चमकल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. त्यांच्या घरात त्यानंतर काय बदलले ते मला ठाऊक नाही. फार काही बदलले नसेल. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

अम्मी आता माझ्याकडे असते. गेल्या रमजानमध्ये सहेरीच्या वेळी मी तिला विचारले, मामूंचे मी अब्बांना सांगितले होते, तुला माहीत होते का? ती म्हणाली, "मालूम था. तू बच्ची थी." मी म्हणाले, बच्ची तर नंतर नव्हते ना, नंतरही मी तुझ्याशी कुठे बोलले? ती काही बोलली नाही. लसूण सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाल बहुत रूखे हुए तेरे. तेल नहीं लगाती क्या?"

मी तेलाची बाटली आणायला उठले.